जरा सरकून घ्या, बुलेट येतेय

बडोद्यात पाहुणा येणार म्हटलं की आमच्या घरात त्याच्या जेवणाचं नंतर ठरतं. आधी ठरतं ते, "एक नंबरकडून घ्यायचं की अलकापुरीकडून?" प्रश्न दिसायला साधा आहे. त्यावरून आमच्याकडे अबोले झालेले आहेत.

आमच्या स्टेशनाला दोन तोंडं. सयाजीगंजकडचं जुनं, एक नंबर फलाटाचं. शेजारी एस.टी. डेपो, जिथे बसच्या आधी मॉल लागतो आणि बाहेरगावचा माणूस आपण चुकून विमानतळावर आलो की काय म्हणून खिशातलं तिकीट काढून बघतो. दुसरं तोंड अलकापुरीकडे, सात नंबरच्या अंगाला. दोन्हींच्या मध्ये रूळ, आणि रुळांखालून जातं ते अलकापुरीचं गरनाळं, म्हणजे भुयारी रस्ता. पावसाचे चार थेंब शेजारच्या तालुक्यात पडले तरी ते भरतं. मग स्कूटर वळवून जेतलपूर ब्रिज नाहीतर पंड्या ब्रिज. काही धाडसी मंडळी तरीही पाण्यात गाडी घालतात. पण विश्वामित्री नदीत मगरी आहेत, आणि पुरात त्या कुठवर येतात ते 2024 च्या ऑगस्टमध्ये साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. त्यामुळे खरा बडोदेकर भरलेल्या गरनाळ्याशी थांबून पाणी किती खोल आहे ते बघत नाही, पाणी हलतंय का ते बघतो.

तर अशा या स्टेशनाच्या डोक्यावर आता बुलेट ट्रेनचं स्टेशन येतंय. डोक्यावर म्हणजे खरोखर डोक्यावर, सात नंबर फलाटाच्या वर. मुंबई ते अहमदाबाद 508 किलोमीटर, वाटेतली आणि टोकाची मिळून 12 स्टेशनं, वेग ताशी 320. खाली मेमू लोकलची वाट बघत शेंगा सोलणारा माणूस आणि त्याच्या वरच्या मजल्यावरून जपानी गाडी. कल्पना भव्य आहे. फक्त सध्या आपण खालच्या मजल्यावर आहोत आणि तिथे पत्रे लावलेत. कालपर्यंत जिथून सरळ जाता येत होतं तिथे आज पत्रा असतो, पत्र्यावर बाण असतो, आणि बाणाच्या दिशेने गेलं की दुसरा पत्रा असतो. त्याच्या पलीकडे हेल्मेट घातलेली माणसं खरंच राबत असतात, त्यामुळे त्यांच्यावर चिडताही येत नाही.

आमच्या वाड्यातले नाना रेल्वेतून निवृत्त झालेत. त्यांना या सगळ्यात नवल वाटत नाही. "अरे, 1862 साली खंडेराव महाराजांनी डभोईहून मियागामपर्यंत छोटी गाडी घातली, तेव्हा तिला बैल जुंपले होते. बैल! पुढे इंजिनही आलं, पण रूळ इतके हलके की त्याचं वजन पेलेना. मग काय, पुन्हा बैल. रूळ बदलले तेव्हा कुठे इंजिनाचे दिवस आले." बैलापासून बुलेटपर्यंतचा हा प्रवास नाना एका दमात सांगतात आणि शेवटी, "आधी खालचं बघावं लागतं," असं म्हणून तंबाखू मळायला घेतात.

या नव्या स्टेशनाचा दर्शनी भाग वडाच्या झाडावरून बेतलाय. वडोदरा म्हणून वड. आमची ही ते वाचून म्हणाली, "बरं झालं. वटपौर्णिमेला दांडिया बाजारातल्या बायका सूत घेऊन स्टेशनालाच फेऱ्या मारतील." मी म्हटलं, नवरे मंडळी आत्ताही मारतातच. तिला ते फारसं आवडलं नाही.

या पावसाळ्यात दादरची मावशी आली. मावशीचं वय पंचाहत्तरच्या पुढे, सामान वयाला न शोभणारं. त्यात एक वरवंटा होता. बडोद्यात चांगला दगड मिळत नाही ही तिची लग्नाआधीपासूनची समजूत. गरनाळं भरलेलं, म्हणून मी सयाजीगंजकडे उभा. गाडी येता येता फलाट बदलल्याची घोषणा झाली. गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत झाली, आणि तिन्ही वेळा माझ्या शेजारच्या फेरीवाल्याने "गरम समोसा" म्हटलं. मग फोन.

"अरे, मी उतरले. चहावाल्याजवळ उभी आहे."

"कोणत्या चहावाल्याजवळ?"

"चहा देतोय त्याच्याजवळ."

"फलाट कितवा आहे, मावशी?"

"ते तू सांगायचंस. गाव तुझं आहे."

मी पुलावर चढलो. त्याच वेळी अपडाऊनवाल्यांची गाडी लागली. अपडाऊनवाले ही आमच्याकडची एक स्वतंत्र जमात आहे. सुरत, आणंद, अहमदाबाद, रोज जाऊन येऊन नोकरी. ते जिना चढत नाहीत, जिना त्यांना वर पाठवतो. खांद्याला तिरकी बॅग, हातात डबा, आणि समोरचा माणूस हा खांब आहे अशी ठाम श्रद्धा. मी खांबासारखाच उलटा सरकत परत एक नंबरवर आलो. दुसऱ्या खेपेला एक बाई आपल्या मुलाला सरकत्या जिन्याची भीती घालवायला घेऊन आलेली. मुलगा वर गेला. बाई खालीच राहिली. मग मुलाला खाली आणायला आजोबा वर गेले, ते वरच रमले.

शेवटी मावशीच मला सापडली. पुलाच्या कठड्याला लागून ती शांतपणे चालत येत होती. मागे हमाल. हमालाने पिशवी खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं, वरवंट्याकडे पाहिलं आणि ठरलेल्या पैशांवर आणखी वीस सांगितले. मी घासाघीस केली नाही.

मावशीची हयात दादरच्या पुलावर गेली आहे. पश्चिम रेल्वे आणि मध्य रेल्वे जिथे एकमेकींना भेटतात आणि त्या भेटीत प्रवाशाचे हाल होतात, तो पूल. 2023 च्या डिसेंबरात तिथले फलाटांचे नंबर बदलले. पश्चिमेचे एक ते सात, त्यापुढे मध्यचे आठ ते चौदा. मध्यचा एक नंबर एका रात्रीत आठ झाला. त्या सकाळी अर्धं दादर नंबर वाचत उभं होतं आणि मावशी वर न बघता नेहमीच्या गाडीत बसली होती, असं ती सांगते. माझा विश्वास आहे.

तिने आमचं स्टेशन उभ्या उभ्या तपासलं. "पूल रुंद करतायत का?"

"करतील बहुतेक. नवं सगळं होतंय."

"पुलाचं काही नाही रे. पूल चार माणसं रुंद, जिना दोन माणसं रुंद. आणि त्या दोघांतला एक जण जिन्याच्या तोंडाशी उभा राहून पाहुण्यांना फोन करतोय."

मी फोन खिशात ठेवला.

पण मला खरं दुःख आहे ते निराळंच, आणि बुलेटशी त्याचा संबंध नाही. आमचं जंक्शन इंग्रजी वाय अक्षरासारखं आहे. खालून मुंबईची लाइन येते, वर एक फाटा अहमदाबादला, दुसरा गोध्रा-रतलामकडे. मुंबईहून येणारी गाडी कुठल्याही फाट्याने सरळ निघून जाते. पण अहमदाबादहून रतलाम, उज्जैन, इंदूरकडे जाणारी गाडी बडोद्यात यायची आणि अडायची. इंजिन पुढून सोडवून मागे नेऊन जोडायचं. डब्यांचा क्रम उलटा, सरळ बसलेली माणसं पाठमोरी. या उलाढालीत वीसेक मिनिटं सहज जायची. रेल्वेच्या दृष्टीने तो निव्वळ खोळंबा होता. आमच्या दृष्टीने तो कौटुंबिक सोहळा होता.

अहमदाबादचे काका इंदूरला मुलीकडे निघाले की आम्ही डबा घेऊन फलाटावर हजर. मोठे बाहेर उभे, लहान आत चढून बर्थवर उड्या मारणार. बटाट्याची भाजी, दशम्या, रावपुऱ्यातून आणलेला लीला, म्हणजे ओला चिवडा. इंजिन तिकडे सुटायचं तेव्हा इकडे कुणाचं तरी लग्न ठरत असायचं. माझ्या चुलतबहिणीचं असंच ठरलं. मुलाकडचे त्याच गाडीत शेजारच्या डब्यात होते, आणि इंजिन जोडायला नेहमीपेक्षा वेळ लागला म्हणून बोलणी पत्रिकेपर्यंत गेली.

मग 2020 साली छायापुरी स्टेशन झालं. गावाबाहेर, गोध्रा लाइनवर. अशा गाड्या आता बडोदा जंक्शनला न येता बाहेरच्या बाहेर तिकडून जातात. इंजिन फिरवायला नको, मुख्य स्टेशनावरची गर्दी तेवढी कमी, प्रवाशांचा वेळ वाचतो. हिशेब शंभर टक्के बरोबर आहे. मी स्वतः त्या गाडीत असतो तेव्हा मला तो पटतोही. पण छायापुरीला गाडी उभी राहते दोन मिनिटं. दोन मिनिटांत कुणाचं लग्न ठरतं?

मावशी असतानाच काका इंदूरला निघाले. मावशी म्हणाली, डबा द्यायचाच. मी छायापुरी समजावून सांगितलं. ती म्हणाली, "दोन मिनिटं? दादरला पंधरा सेकंदांत माणसं बाळ-बाळंतिणीसकट चढतात." तिने अळूवड्या केल्या. नवा वरवंटा लगेच कामाला लागला. रिक्षावाल्याने भाडं सांगितलं तेव्हा मी हिशेब केला. तेवढ्यात काकांना इंदूरच्या हॉटेलात जेवण झालं असतं, पण हे मी मनात म्हटलं.

छायापुरीचा फलाट मोकळा, स्वच्छ, नवा. मावशीला तो संशयास्पद वाटला. "इथे गाडी थांबते नक्की?" गाडी आली. काका एस-चारमध्ये होते. एस-चार जिथे येईल म्हणून आम्ही उभे होतो तिथे एस-नऊ आला. मी पळालो. मावशी पळाली नाही. गर्दीत पळणाऱ्यावर तिचा विश्वास नाही. ती जवळच्या दारापाशी गेली, दारातून बाहेर आलेल्या एका हातात डबा ठेवला आणि म्हणाली, "एस-चार. पांढऱ्या मिशा." गाडी हलली.

"ओळखीचा होता का?" मी धापा टाकत विचारलं.

"चेहऱ्यावरून सज्जन वाटला."

गोध्रा यायच्या सुमारास काकांचा फोन आला. डबा पोचला होता. एस-नऊमधल्या त्या गृहस्थाने चालत्या गाडीत पाच डबे ओलांडून, प्रत्येक पांढऱ्या मिशीला विचारत विचारत तो आणला होता. डबा जड म्हणून वाटेत एकदा उघडून बघितला, एवढंच. काका म्हणाले, "निम्म्या आहेत अजून. पण हे म्हणतायत, यात काय घातलंय ते कळल्याशिवाय मी इथून उठणार नाही. थांब, त्यांच्याकडे फोन देतो."

फोनवर एक भारदस्त आवाज आला, "माजी, अमारां पातरां जेवां ज छे, पण आ अंदर शुं नाख्युं छे?" पातरां म्हणजे गुजराती अळूवड्या.

मावशीने रिक्षा कडेला घ्यायला लावली आणि चिंचेच्या कोळापासून सुरुवात केली. डाळ किती भिजवायची, पीठ किती सैल, गोडा मसाला घरचाच का. तो माणूस मध्ये मध्ये "हा, हा, पछी?" म्हणत होता. मीटर चालू होतं. वाफवण्यापर्यंत सगळं नीट पोचलं. तळायचं आलं आणि दाहोदच्या अलीकडे रेंज गेली.