फॉर फर्दर मॅनेजमेंट

आज आत्याला घेऊन चिपळूणला एका मोठ्या हॉस्पिटलात गेले होते. हातात इथल्या डॉक्टरांची चिठ्ठी. नाव, वय, बीपी आणि खाली "फॉर फर्दर मॅनेजमेंट". संपलं! तिथल्या डॉक्टरांनी ती बघून बाजूला सारली, आणि वाचण्यासारखं होतं तरी काय त्यात. मग सगळं पहिल्यापासून, काय होतंय, कधीपासून होतंय, आणि आत्याला एका कानाने ऐकू येत नाही तर ती आपली प्रत्येक प्रश्नाला हो हो म्हणून मान डोलावतेय. डोकंच फिरलं माझं.

बाबा दापोलीजवळ प्रॅक्टिस करायचे हे तुम्हाला माहितीच आहे. पेशंट मुंबईला पाठवायचा तर रातराणीने, आणि त्याच्या खिशात बाबांच्या वर्गमित्राच्या नावाने पत्र, पावसाळा असला तर दुधाच्या पिशवीत गुंडाळून. हर्णैच्या एका तांडेलाबरोबर (म्हणजे मच्छीमार होडीचा म्होरक्या) दिलेलं पत्र मी स्वतः वाचलंय. "हा छातीत दुखतं असं सांगणार नाही. जिना चढताना थांबून उगाच खिडकीबाहेर बघायला लागला की समज दुखतंय. बिडी सोडली म्हणेल, विश्वास ठेवू नको." याला म्हणतात रेफरन्स!

आणि हे काही बाबांचंच कौतुक नाही. देवीची लस शोधणारा जेन्नर, तो मूळचा बर्कली गावचा साधा डॉक्टर. त्याचे गुरू जॉन हंटर लंडनचे नामांकित सर्जन, पण वर्षानुवर्षं याला पत्रं लिहीत राहिले. मागण्या काय तर हेजहॉग (अंगावर काटे असलेला छोटा प्राणी) पाठव, कोकिळेच्या पिल्लांचं बघ. 1775 च्या पत्रात लिहितात, विचार कसला करतोस, प्रयोग करून बघ ना. जेन्नरचं एका मुलीशी जमता जमता फिसकटलं तर लिहिलं, जाऊ दे तिला, मी तुला हेजहॉगच्या कामाला लावतो 😄 बाबांचा मित्र पण असाच, तांडेलाच्या ईसीजीचं चार ओळींत आटपून पुढे पानभर सोड्यांची आणि कोकमाची ऑर्डर.

हो, कळतंय मला, आता ईसीजीचा फोटो मिनिटात पोचतो आणि तेव्हा पत्र पोचेपर्यंत माणसं जायची. ओपीडीत शंभर पेशंट असतात तेही मान्य. पण "कानाने कमी ऐकू येतं" एवढं लिहायला किती वेळ लागतो?

हंटरना स्वतःला अंजायना होता, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं. जेन्नरने असल्या पेशंटांची पोस्टमॉर्टेम केली होती, हृदयाच्या रक्तवाहिन्या कडक झालेल्या बघितल्या होत्या, गुरूला काय झालंय ते त्याने ओळखलं. पण उपाय नाही म्हणून त्यांना सांगितलं नाही, हेबर्डन नावाच्या दुसऱ्या डॉक्टरला पत्र लिहून मन मोकळं केलं. 1793 मध्ये हॉस्पिटलच्या मीटिंगमध्ये वाद झाला आणि हंटर तिथेच गेले. पोस्टमॉर्टेममध्ये तेच निघालं, जे जेन्नर म्हणत होता. हे वाचताना मला तो खिडकीबाहेर बघणारा तांडेलच आठवत राहतो. बाबांनी त्याला तरी किती सांगितलं होतं कोण जाणे. तो मुंबईहून परत आला, पुढे बरीच वर्षं होता, आमच्याकडे पापलेट आणून द्यायचा आणि पैसे घ्यायचा नाही.

हंटरचे कागद त्यांच्याच मेव्हण्याने, एव्हरार्ड होमने, 1823 मध्ये जाळून टाकले, आधी त्यातलं स्वतःच्या नावावर खपवून. घरचीच माणसं! जेन्नरला आलेली पत्रं टिकली कारण त्याने ती जपली. आमच्याकडे मित्राची पत्रं काकांनी घर रंगवताना रद्दीत घातली, त्यावर मी इथे लिहिणार नाही, नाहीतर शिव्या येतील तोंडात.

बाबांनी लिहिलेली मात्र मित्राच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत असणार. त्यांच्या मुलीला मेसेज टाकला. म्हणते दिवाळीच्या साफसफाईत बघते. अगं बाई, पाऊस सुरू आहे, वाळवी काय दिवाळीपर्यंत थांबणार आहे? मीच जाते या रविवारी. बोरिवलीकडचं कोणी माळ्यावर चढायला येणार असेल तर सांगा.