खुरसाला ग्रॅनाइट कशाला?

गेल्या महिन्यात गोव्यातल्या आमच्या वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीच्या, व्हॉट्सअॅप ग्रुपवर फर्मान निघालं. नाक्यावरच्या खुरसाला, म्हणजे चौथऱ्यावरच्या क्रुसाला, यंदा ग्रॅनाइट बसवायचा, वर स्टीलचं छप्पर, रात्री एलईडीच्या माळा. परदेशातल्यांनी माणशी शंभर युरो पाठवायचे, देणाऱ्यांची नावं पाटीवर कोरली जातील. आणि त्याच आठवड्यात माझ्या मावसभावाने घरातलं आल्तार, आमचा देव्हारा, काढून टाकलं. तो आता ‘बिलीवर’ झालाय. नव्या प्रार्थना-मंडळ्यांत जाणाऱ्यांना गोव्यात सरसकट हेच म्हणतात. आजीच्या वेळची सायबिणीची, म्हणजे मरियेची, लाकडी मूर्ती त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून आईकडे आणून दिली. “मावशी, लाकडात देव नसतो,” म्हणाला. आईने मूर्ती घेतली, त्याला चहा दिला, आणि तो गेल्यावर मला म्युनिकला फोन लावून रडली.

आता दोन्हीकडून मला विचारतात, तू कोणाच्या बाजूची?

बाजू घेणं मला लहानपणापासून जमलेलं नाही. बाबा नगरकडचे प्रोटेस्टंट. मराठी शिकवायला गोव्यात आले आणि तिथेच राहिले. आई बार्देशची कॅथलिक. बाबांना सवय पांढऱ्या भिंतीवरच्या एका रिकाम्या क्रुसाची आणि पेटीवरच्या भजनांची. आईच्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, सोनेरी आल्तार, मेणबत्त्या, संतांची रांग. उपासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी दोघांची हमखास जुंपायची. गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख कपाळावर घेऊन आई चर्चमधल्या मिसाच्या प्रार्थनेहून यायची. गंमत अशी की त्याच मिसेला मत्तयाच्या सहाव्या अध्यायातलं वाचन असतं: उपास करताना तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, लोकांना कळू देऊ नका. बाबा दारातच उभे. “वाचन ऐकलंस ना? मग तोंड धू.” आई म्हणायची, “लोकांसाठी नाही लावली. दुपारी तुमच्यावर ओरडायची वेळ आली की हात कपाळाला जातो, म्हणून लावली.” दुपारपर्यंत ती राख घामाबरोबर नाकावर आलेली असायची. आणि ओरडायची ती ओरडायचीच.

बाबांचे दाखले ठरलेले. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, पण लॅटिन अक्षरं कोरलेला क्रूस गळ्यात घालायला नकार दिला. लॅटिनच का, संस्कृत का नको, असं तिथल्या मठातल्या सिस्टरांना विचारलं. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ हा बंधुसंघ काढला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा दिली. म्हणजे बघ, खूण गौण! असं म्हणून ते चष्मा पुसायचे. तेव्हा मला पटायचं. आता वाटतं, बाबांनी अर्धंच सांगितलं. रमाबाईंचं भांडण क्रुसाशी नव्हतंच, लॅटिनशी होतं. आपल्या गळ्यातली खूण आपल्या भाषेत बोलावी, एवढाच हट्ट.

म्युनिकला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात पत्ता नोंदवायच्या अर्जावर धर्माचा रकाना दिसला. मी भाबडेपणाने ‘रोमन कॅथलिक’ लिहिलं, आणि पहिल्या पगारातून चर्चचा कर कापून गेला. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बायर्नमध्ये तो आयकराच्या ८ टक्के असतो. इथे श्रद्धेची सगळ्यात ठळक बाह्य खूण म्हणजे पगाराच्या चिठ्ठीवरची दोन अक्षरं. ती नको असतील तर सरकारी कचेरीत जाऊन चर्च सोडल्याची सही करायची. २०२२ या एका वर्षात ५ लाख २२ हजारांहून जास्त जर्मन कॅथलिकांनी ती सही केली.

आणि याच राज्यात १ जून २०१८ पासून सरकारी इमारतींच्या प्रवेशद्वाराशी क्रूस लावायचा नियम आला. हा धर्माचा नव्हे, आमच्या इतिहास-संस्कृतीचा ठसा आहे, असं सरकारचं म्हणणं. यावर चिडलं कोण, तर म्युनिकचे आर्चबिशप, कार्डिनल मार्क्स. क्रूस नुसती संस्कृतीची खूण मानली तर तो कळलाच नाही, अशी त्यांची तक्रार होती. प्रकरण कोर्टात गेलं, डिसेंबर २०२३ मध्ये निकाल सरकारच्या बाजूने लागला, क्रूस राहिले. व्हिसाच्या कामासाठी सरकारी कचेरीत गेले की मी त्या क्रुसाकडे बघते. फूल नाही, मेणाचा ओघळ नाही. खाली छत्र्या ठेवायचा स्टँड.

मी वृद्धाश्रमात परिचारिका आहे. आमच्याकडच्या एका आजींनी २०१० मध्ये, पाद्र्यांनी मुलांवर केलेल्या अत्याचारांच्या बातम्या आल्या तेव्हा, ती सही केली. इथल्या बिशपांच्या नियमाप्रमाणे चर्चमधून नाव काढलेल्याला संस्कार मिळत नाहीत. कागदोपत्री त्या कोणीच नाहीत. पण रात्री औषध द्यायला जावं तर हातात तेर्साची, म्हणजे मरियेच्या प्रार्थनेची, माळ. मणी झिजून गुळगुळीत झालेत. एक हरवला, तिथे शर्टाचं बटण ओवलंय. बटणापाशी आलं की बोट थांबतं, चाचपतं, पुढे सरकतं. एकदा त्यांनी विचारलं, तुझ्या गावी हे कसं म्हणतात? मी कोंकणीतून ‘नमान’, मरियेला नमनाची प्रार्थना, म्हणून दाखवलं. त्यांना एक अक्षर कळलं नाही, पण त्यांनी माळ सोडली नाही.

मावसभावाला हे सांगायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, माळ ही कुबडी आहे. असेल. पण ज्याचा पाय दुखतो त्याची कुबडी काढून घेणारा तू कोण? त्याची टिंगल मी करणार नाही. नव्या मंडळीत गेल्यापासून त्याची दारू सुटली, रोज पहाटे तासभर बायबल वाचतो. आतलं काहीतरी नक्की हललंय. फक्त त्याच्या गाडीच्या मागच्या काचेवर वचनाचं हे एवढं स्टिकर आहे, तेवढं त्याला खूण वाटत नाही.

गोवेकराला खुणांची झडती नवी नाही. इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाने, १७३६ मध्ये हुकूम काढला होता: बाटलेल्यांच्या अंगणात तुळस नको, बिनमिठाचा भात नको, पुडवें (धोतर)-चोळी नको. आत काय आहे ते दिसत नाही, म्हणून चुलीवरचं भांडं तपासलं. गंमत म्हणजे आजही आमच्याकडे कित्येक जुन्या खुरसांचे चौथरे थेट तुळशीवृंदावनासारखे दिसतात. आमच्या नाक्यावरचाही. शेजारच्या काकू देवळात जाताना अबोलीची एक माळ त्याच्यावर टाकून पुढे जातात. बांबोळीच्या फुलांच्या खुरसापाशी तर कोण कुठल्या धर्माचा हे फुलवाल्यालाही सांगता येणार नाही.

मे महिन्यात खुरसापाशी लदीन, म्हणजे गाऊन म्हणायची लॅटिन प्रार्थना, असायचं. आदल्या दिवशी आम्ही पोरं कामाला. पत्र्याच्या डब्यात चुना रात्रभर भिजत घातलेला, सकाळी त्यात चिमूटभर नीळ. आधी सुरीने वर्षभराचं मेण खरवडायचं, शेवाळ घासायचं, मग काथ्याच्या कुंच्याने दोन हात. बोटं चुरचुरायची, आई खोबरेल लावायची. संध्याकाळी मेस्त, म्हणजे गाणं-वाजवणं शिकवणारा मास्तर, व्हायोलिन घेऊन यायचा. लॅटिन शब्द कोणालाच कळायचे नाहीत, तरी सगळे घसा ताणून म्हणायचे. मग उकडलेले चणे, मोठ्यांना फेणी. बाबा ‘मी आपला चण्यांसाठी आलोय’ म्हणत पहिल्या रांगेत.

म्हणून ग्रुपवर लिहिलं: ग्रॅनाइटला पैसे देणार नाही, पाटीवर नाव नको. चुना, तेल आणि व्हायोलिनवाल्याचं मानधन मी देते. खुरीस दरवर्षी मळायला हवा, म्हणजे दरवर्षी कोणीतरी हात घालेल. लिहिताना मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

उत्तर वाड्यावरच्या एका काकांकडून आलं. “बाय, चुना काढायला पोरं आहेत कुठे? तू जर्मनीला, माझे दोघे इंग्लंडात स्विंडनला, त्या पलीकडच्या घराला कुलूप. माझे गुडघे गेले. ग्रॅनाइट नुसता पुसला की झालं.”

यावर मला उत्तर नाही. ज्या दिखाव्यावर मी बायर्नहून बोट ठेवत होते तो निम्मा तरी आमच्याच जाण्याने आलाय. युरो आम्ही पाठवतो, हात पाठवत नाही. पाटीवरची नावं मला अजूनही खटकतात, एलईडी तर डोळ्यांत खुपतात, पण त्या काकांच्या गुडघ्यांसमोर माझी निळीची आठवण जरा स्वस्तच आहे.

संध्याकाळी आईचा व्हॉइस मेसेज आला. मूर्ती तिने आमच्या आल्तारावर बाबांच्या फोटोशेजारी ठेवली आहे. “आता ते बसू दे सायबिणीबरोबर,” हसत म्हणाली. मग म्हणाली, पैसे राहू देत. मावसभाऊ लदीनला उभा राहणार नाही, पण मेण खरवडून देईन म्हणालाय. कुंचा धरायला कोणी नाही. तू मेमध्ये येतेस का?

मेमध्ये वृद्धाश्रमात कामाला माणसं कमी असतात. रजेचा अर्ज अजून भरलेला नाही.