आमवाताच्या गोळीवरचा फॉरवर्ड

"टोफासिटिनिब म्हणजे नाव बदललेलं स्टेरॉइड. तिने हार्ट अटॅक येतो हे कंपनीने दडपलं. हेच काम घरची हळद फुकटात करते." आमवाताच्या रुग्णांमध्ये असले मेसेज सर्रास फिरतात.

स्टेरॉइडचं आधी उरकू. ही गोळी स्टेरॉइड नाही. आयएल-6 सारख्या रसायनाने सूज वाढवायचा निरोप आणला की तो पेशीच्या आत पोचवायचं काम जॅक नावाची विकरं करतात. या विकराला एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, जिथे चिकटतो, नेमक्या त्या खाचेत टोफासिटिनिब जाऊन बसतं आणि निरोप तिथेच अडतो. रेणुभार जेमतेम 312, म्हणून पोटातून रक्तात आणि पेशीत जाता येतं. आमवातावरच्याच अडालिमुमॅब या औषधाचा सुमारे 1,48,000. ते टोचूनच घ्यावं लागतं.

धोका मात्र खरा आहे. दडपल्याचं खोटं. 2012 मध्ये मंजुरी देतानाच अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने ही गोळी बनवणाऱ्या फायझरला सुरक्षिततेची मोठी चाचणी बंधनकारक केली. पन्नाशी उलटलेले, हृदयविकाराला पोषक अशी किमान एक बाब असलेले 4,362 रुग्ण त्यात होते. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू असं गोळीवाल्यांत 3.4 टक्क्यांना झालं, टीएनएफ हे सूज वाढवणारं रसायन रोखणारी इंजेक्शनं (अडालिमुमॅब त्यातलंच) घेणाऱ्यांत 2.5 टक्क्यांना. कर्करोगही जास्त आढळले. 2021 मध्ये हा इशारा औषधाच्या माहितीपत्रकात ठळक चौकटीत आला. फार उशिरा आला म्हणा, मीही म्हणेन. आपल्याकडे जास्त जवळचा धोका टीबीचा आणि नागिणीचा. त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

आता हळद. तिच्यातला ज्याचा गवगवा होतो तो घटक म्हणजे कर्क्युमिन, आणि ते असतं वजनाच्या तीनेक टक्के, म्हणजे ग्रॅमभर हळदीत 30 मिलिग्रॅम. एका अभ्यासात लोकांना एकदम 8 ग्रॅमपर्यंत शुद्ध कर्क्युमिन दिलं, तरी रक्तात ते सापडलं नाही. रक्ताइतक्या पीएचच्या साध्या द्रावणात तर अर्ध्या तासात त्यातलं बहुतेक मोडून जातं. काचेच्या बशीतल्या पेशींवर ते छान काम करतं हे खरं, पण सांध्यापर्यंत पोचायचं कसं?

कॅप्सूलवाल्यांनी यावर तोड काढली: मिरीतलं पिपेरिन मिसळायचं. पिपेरिन सीवायपी3ए4 या विकराला अडवतं असं प्रयोगशाळेत दिसलंय, आणि टोफासिटिनिबचा निचरा मुख्यतः याच विकराकडून होतो. म्हणजे दोन्ही एकत्र घेतली तर गोळीची रक्तातली पातळी वाढू शकते. अशी कॅप्सूल चालू असेल तर डब्यासकट डॉक्टरांना दाखवा.