खालीला टाळी

माझा ताल चुकतो. हे मला तबल्याच्या सरांनी सांगितलेलं नाही, बायकोनं सांगितलेलं नाही (तिनं बाकीचं सगळं सांगितलंय). हे मला परवा शनिवारी, ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये, भर ‘सौभद्र’ चालू असताना एका मोबाईलनं सांगितलं.

लोक नाटकं बघायला लंडनला जातात, मी नेरुळहून ठाण्याला जातो. शनिवारी दुपारी ‘सौभद्र’, रविवारी सकाळी वाशीला भावे नाट्यगृहात गाणं, आणि रात्री पुन्हा ट्रान्स हार्बर लोकलनं ठाण्याला, घाणेकर नाट्यगृहात ‘कट्यार काळजात घुसली’. तिन्ही तिकिटं एकट्याची. बायको म्हणाली, “एवढी पदं ऐकून पित्त होत नाही का तुला?” असो.

तिसरी घंटा झाली. ‘आपले मोबाईल बंद ठेवावेत’ झालं. नांदी सुरू झाली, आणि माझ्या डावीकडच्या काकांनी मोबाईल बंद करायचा सोडून लावला. पंच्याहत्तरीचे असतील. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. फोन वरच्या खिशात उभा, तोंड रंगमंचाकडे, कलंडू नये म्हणून मागून चष्म्याच्या घराचा टेकू. एका कानात वायर. म्हणजे एक कान नाटकाला, एक घराला.

“येतंय ना गं ऐकू?... हां, नारद आला.”

पुढचा पाऊण तास मी ‘सौभद्र’चं धावतं समालोचन ऐकलं. “अर्जुनानं संन्यास घेतला... अगं हो, खोटाच. तुला माहितीये ते, मी आपलं सांगितलं... हिरवं नेसलीये... नाही, यंदाची सुभद्रा बारीक आहे.”

किर्लोस्करांनी हे नाटक 1882 साली रंगभूमीवर आणलं. तेव्हा म्हणे वन्स मोअरवर वन्स मोअर घेत प्रयोग पहाटेपर्यंत चालायचे. त्या हिशेबात एखादं पद कोणाच्या बडबडीत गेलं तरी प्रेक्षकाला परवडत असेल. आता सगळं छाटून तीन तासांत बसवतात. वाट्याला येणार मोजकी पदं, त्यातली अर्धी काकांनी सांगून संपवलेली. पाचशे रुपये मोजलेत मी! बरं, हे एकटेच आहेत का? पुढच्या रांगेत एक चेहरा दर पाच मिनिटांनी निळा उजळत होता. फोन वाजला म्हणून नटानं प्रयोग थांबवला, अशी बातमी आली की आपण सगळे हळहळतो, आणि ती बातमी वाचतो कुठे, तर अंक चालू असताना, मांडीवर.

मी मात्र काही बोललो नाही. मी फक्त ताल देत होतो. तीनतालातलं पद लागलं, तबलजी रंगात आला, आणि माझा डावा हात खुर्चीच्या दांडीवर आपोआप पडायला लागला. तेवढ्यात काकांनी माझ्या हातावर हात ठेवला.

“अहो, जरा हात थांबवा. हिला नुसती तुमची खुर्ची ऐकू येतेय.”

“काका, फोन बंद ठेवायला सांगितलंय.”

“तेच म्हणतोय मी. फोनला सगळं ऐकू जातं.” मग वायरवर बोट ठेवून काहीतरी ऐकलं. “आणि ही म्हणतेय, तुम्ही खालीला टाळी देताय.”

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: तीनतालाच्या सोळा मात्रा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी. नववीला खाली, तिथे हात वाजवायचा नाही, नुसता हलवायचा. मी दीड वर्ष शिकतोय. मी वाजवत होतो. पुढच्या रांगेतल्या चौघांनी मागे वळून पाहिलं. माझ्याकडे. काकांकडे एकानंही नाही.

मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत होतो, तर काका फोन पुढे करून उभे. “ही बोलते म्हणतेय.”

“रागावलात का हो?” आवाज गोड होता, हे कबूल करायला जिवावर येतंय.

“छे छे.”

“माझे दोन्ही गुडघे बदललेत. यांना म्हटलं, तुम्ही तरी जाऊन या. पण हे एकटे गेले की झोपतात. मी बोलत ठेवते म्हणून जागे आहेत. तबला कुठे शिकता?”

“नेरुळला.”

“किती वर्षं?”

“दीड.”

“मग चालायचंच. कुठल्या हातानं देता टाळी?”

“डाव्या.”

“उजव्यानं द्या. आमच्यापासून लांब पडेल.”

आता दोन्ही गुडघे बदललेल्या बाईवर चिडायचं तरी कसं? तीच तर खरी चीड आहे. वर काकांनी माझा नंबर मागितला, “कधी मलाच यायला जमलं नाही तर,” म्हणाले. पुढे कुठली नाटकं बघणार तेही विचारून घेतलं. शेवटचा आकडा चुकीचा सांगायचं माझ्या मनात आलं होतं. सांगितला बरोबर.

रविवारी वाशीला विलंबित एकताल होता. अख्खं सभागृह समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, मान टाकत होतं. मी समोरच्या माणसाची मान पडली की मग माझी टाकत होतो, सुरक्षित अंतर ठेवून. हात मांडीखाली. गाणं फार चांगलं झालं, असं बाहेर पडताना लोक म्हणत होते.

रात्री ‘कट्यार’. खाँसाहेबांच्या त्या कट्यारीला एक खून माफ असतो. तो कोणाचा, हे मी लोकलमध्ये तुर्भे स्टेशनच्या आधीच ठरवलं होतं. खुर्चीत बसलो, दुसरी घंटा झाली, आणि फोन थरथरला. अनोळखी नंबर.

“मी बोलतेय, कालची. यांना कणकण आहे, यायला जमलं नाही. तुम्ही पोचलात ना?”

तिसरी घंटा. अंधार. फोन शर्टाच्या खिशात उभा केला. कलंडायला लागला. चष्म्याचं घर काढून टेकू दिला. दोन्ही हात मांडीखाली.

“येतंय ना ऐकू?” मी पुटपुटलो.

“शूऽऽ!” उजवीकडची मुलगी.

“कोण हो ते?” खिशातून आवाज आला. “त्यांना सांगा जरा, ऐकू येत नाहीये.”