हेब्रॉनची दोन दारं

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर हेब्रॉनचा, म्हणजे वेस्ट बँकमधल्या, इस्रायलच्या ताब्यातल्या पॅलेस्टिनी शहराचा, एक व्हिडिओ फिरत होता. दोन इस्रायली सैनिक, एक पॅलेस्टिनी म्हातारा, मागे मोठ्या दगडांची उंच भिंत. त्यावर पन्नासेक मेसेज. कुणी लिहिलं, असंच पाहिजे यांना. कुणी ज्यूंच्या सात पिढ्या उद्धरल्या. ती भिंत कसली आहे हे एकानेही विचारलं नाही. मी त्या भिंतीला हात लावून आले आहे. ग्रुपवर उत्तर लिहायला बसले आणि ते इतकं वाढलं की शेवटी इथे टाकते आहे. लांब आहे, पण वाचा.

मी अलिबागची. इस्राएल आळीच्या शेजारी वाढले. माझी शाळेतली मैत्रीण बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू, आडनावाच्या शेवटी आमच्यासारखंच ‘कर’, बोलणं आमच्यासारखंच. त्यांच्याकडे मलिदा, म्हणजे नवसाचा प्रसाद, असला की भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं आणि फळं यांचं ताट आमच्याकडे यायचंच. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीचा टापा, म्हणजे एलियाहू प्रेषिताची खूण मानलेला खडक, बघायला मी त्यांच्याबरोबरच पहिल्यांदा गेले. मैत्रिणीचं कुटुंब पुढे इस्रायलला गेलं, आज ती अश्दोदला असते. २०१८ मध्ये मी तिच्याकडे महिनाभर राहिले. जेरुसलेम झालं, मृत समुद्र झाला. मग मी म्हटलं, मला हेब्रॉनला जायचंय. ती जरा गप्प झाली. म्हणाली, “जाऊ. पण तिथून आल्यावर दोन दिवस जेवण जात नाही.”

तिथे काय आहे ते आधी सांगते. अब्राहाम, म्हणजेच मुसलमानांचे इब्राहिम, त्यांची कबर तिथे आहे अशी ज्यू आणि मुसलमान दोन्ही धर्मांची श्रद्धा आहे. बकरी ईद ज्यांच्या कुर्बानीची आठवण आहे तेच हे इब्राहिम. सोबत त्यांची बायको सारा, मुलगा इसहाक, सून रिबेका, नातू याकोब आणि त्याची बायको लेआ. कबरी जमिनीखालच्या गुहेत. तिचं हिब्रू नाव मखपेला, म्हणजे दुहेरी. वर दोन हजार वर्षांपूर्वीचा, हेरोद राजाच्या काळातला कोट आहे. ज्यूंना पवित्र असलेल्या जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीला जसे कड घडवलेले प्रचंड दगड आहेत, तसेच इथे. आत कधी चर्च झालं, कधी मशीद, मग क्रुसेडवाल्या ख्रिस्ती योद्ध्यांचं पुन्हा चर्च, सुलतान सलाहुद्दीनच्या काळात पुन्हा मशीद. ज्यू तिला मखपेलाची गुहा म्हणतात, मुसलमान हरम अल-इब्राहिमी. गावाला अरबीत अल-खलील म्हणतात. खलील म्हणजे मित्र, देवाचा मित्र इब्राहिम. हेब्रॉन या नावाचं मूळही हिब्रूतल्या मित्र या शब्दात सांगतात. दोन्ही नावांचा अर्थ एकच. तिथे उभं राहून हे आठवलं की पोटात तुटतं.

बायबलमध्ये या जमिनीच्या खरेदीची गोष्ट आहे आणि ती वाचताना मला आमच्याकडचं खरेदीखत आठवतं. सारा वारली. अब्राहाम तिथल्या लोकांना म्हणाले, मी तुमच्यात परका, उपरा. बायकोला पुरायला जागा द्या. जमिनीचा मालक एफ्रोन. तो म्हणाला, अहो, फुकट घ्या. अब्राहाम ऐकेनात. गावच्या वेशीवर, सगळ्यांच्या देखत त्यांनी ४०० शेकेल चांदी तोलून दिली. मग शेत, त्यातली गुहा आणि शेताच्या चतुःसीमेतली सगळी झाडं असा व्यवहार झाला. आज तिथे राहणारे ज्यू वसाहतवाले, म्हणजे इस्रायली ताब्यानंतर येऊन वसलेले, हाच दाखला पुढे करतात: आमच्या बापाने पैसे मोजून घेतलेली जागा. मला त्या गोष्टीत दुसरंच दिसतं. फुकट मिळत असूनही तो माणूस ज्यांच्यात राहायचं त्यांच्यासमोर उभा राहिला, त्यांना मान देऊन, दाम मोजून त्याने जागा घेतली. जोर केला नाही.

आणखी एक ओळ आहे, पुढे दोन अध्यायांवर. अब्राहाम वारले तेव्हा त्यांना त्या गुहेत कुणी पुरलं? इसहाक आणि इश्माएल, दोघा मुलांनी मिळून. इश्माएल म्हणजे आईसकट घरातून वाळवंटात काढून दिलेला मुलगा. अरब त्याला आपला पूर्वज मानतात. तो बापाच्या मातीला आला आणि सावत्र भावाच्या शेजारी उभा राहिला.

आता तिथे दोन दारं आहेत. एक ज्यूंचं, एक मुसलमानांचं.

मी आधी मैत्रिणीबरोबर ज्यूंच्या बाजूने गेले. आत सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर, लोक डुलत प्रार्थना करताहेत, लहान पोरं पळताहेत. अब्राहामच्या कबरीची खोली बंद. जाळीतून हिरव्या भरजरी कापडाने झाकलेला उंच चौथरा दिसतो. मैत्रिणीने जाळीला कपाळ टेकवलं आणि पुटपुटत राहिली. बाहेर आल्यावर तिने मला भिंतीलगतची एक जागा दाखवली. १२६७ च्या सुमारास इजिप्तच्या मामलुक सुलतान बैबर्सने ज्यूंना आत यायला बंदी केली. त्यानंतर त्यांना फक्त बाहेरच्या जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत चढता यायचं. एक-दोन वर्षं नाही, सातशे वर्षं. १९६७ च्या युद्धात इस्रायलने हेब्रॉन ताब्यात घेतलं, त्यानंतर तो जिना पाडून टाकला. मैत्रीण म्हणाली, “माझ्या पणजीला सातव्या पायरीच्या वर पाऊल टाकता आलं नसतं. तू लिहिशील तेव्हा हे विसरू नकोस.” विसरले नाही गं.

मग मी एकटी दुसऱ्या दाराने गेले. ती बाहेर बाकावर बसून राहिली, तिला त्या बाजूला जाता येत नाही. लोखंडी फिरतं दार, मग तपासणी, मग पुन्हा तपासणी. सैनिक विशीतला असेल. त्याने विचारलं, मुस्लिम? नाही. ज्यू? नाही. मग कोण? हिंदू, इंडिया. जा म्हणाला. माझा त्या कबरीशी रक्ताचा ना श्रद्धेचा संबंध, आणि दोन्ही दारं मला उघडी. ज्यांचा तो बाप, त्यांना अर्धीच. माझ्या पुढे एका बाईची पिशवी उपसत होते. एकेक वस्तू टेबलावर, औषधाची बाटलीसुद्धा. ती रोज येत असावी. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, सवय होती. मला त्या सवयीचंच जास्त वाईट वाटलं.

आत चपला काढल्या, टोपीवाला झगा घातला. इसहाक आणि रिबेका यांची दोन दगडी दालनं, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची. शेजारी लाकडी मिंबर, म्हणजे प्रवचनाचा मंच, नवशे वर्षांहून जुना, सलाहुद्दीनने अश्कलॉनहून आणवलेला. एका बाजूला छोटी छत्री आहे, तिच्याखाली गुहेत उतरणारं भोक, त्यात दिवा सोडलेला. फूटभरही रुंदी नसलेल्या अशाच एका तोंडातून १९६८ मध्ये, इस्रायलचे तेव्हाचे संरक्षणमंत्री मोशे दायान यांच्या पुढाकाराने, बारा वर्षांच्या एका सडपातळ मुलीला दोरीने खाली सोडलं होतं. अंधार, एक बोळ, पायऱ्या, असं काही तिला दिसलं. शतकानुशतकं ज्याच्यावरून माणसं मरताहेत ते डोळ्यांनी बघायला एक पोर उतरवावी लागली.

मिहराबीजवळ, म्हणजे मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यापाशी, एका माणसाने मला दगडातले खड्डे दाखवले. काही बोलला नाही, फक्त बोट ठेवलं. गोळ्यांचे खड्डे. २५ फेब्रुवारी १९९४, रमजान, पहाटेची नमाज. शेजारच्या किर्यत अर्बा या ज्यू वसाहतीतला डॉक्टर बारुख गोल्डस्टाइन लष्करी गणवेशात आत आला आणि सजद्यात वाकलेल्या माणसांच्या पाठीत त्याने गोळ्या झाडल्या. २९ माणसं गेली, शंभरावर जखमी झाली. लोकांनी त्याला तिथेच ठार केलं. त्याच्या थडग्याभोवती काहींनी स्मारक उभारलं होतं, ते १९९९ मध्ये इस्रायलनेच पाडलं. पण थडगं आहे आणि तिथे डोकं टेकवायला जाणारेही आहेत. आणि त्या हत्याकांडानंतर झालं काय? इमारत विभागली गेली. वर्षातले दहा-दहा दिवस एकेका धर्माला पूर्ण, बाकी वाटणी. संचारबंदी लागली ती पॅलेस्टिनी वस्तीवर. शुहदा स्ट्रीट हा गजबजलेला बाजाररस्ता त्यांच्या गाड्यांना बंद झाला, पुढे चालायलाही. ज्यांची माणसं मारली गेली त्यांचीच दुकानं गेली. मी तो रस्ता पाहिला. दुकानांची हिरवी दारं वेल्डिंग करून बंद केलेली आहेत. शेजारच्या जुन्या बाजाराच्या गल्लीवर तारेची जाळी ताणली आहे. वरच्या मजल्यांवर राहणाऱ्या वसाहतवाल्यांनी खाली फेकलेला कचरा, बाटल्या, विटा त्या जाळीत अडकून लोंबत होत्या. खाली माणसं भाजी घेत होती.

याच गावात १९२९ च्या ऑगस्टमध्ये ज्यूंची कत्तल झाली होती. जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीवरून वाद पेटला, ज्यू तिथली अल-अक्सा मशीद बळकावणार अशी अफवा उठली आणि हेब्रॉनमध्ये जमाव घराघरांत शिरला. ६७ ज्यू मारले गेले. कित्येक पिढ्यांपासून तिथे राहणारी माणसं होती ती. त्याच दिवशी कित्येक अरब कुटुंबांनी ज्यू शेजाऱ्यांना घरात लपवलं, दारात उभं राहून जमावाला अडवलं. जगले-वाचले त्यातले शेकडो त्यांच्यामुळे.

आमच्या ग्रुपवरचा एक गट फक्त १९२९ सांगतो, दुसरा फक्त १९९४. मला दोन्हीपैकी एकही खोडायचं नाही. पण दोन्ही सांगून ‘दोघंही सारखेच’ म्हणत हात झटकणंही मला पटत नाही. आज बंदूक आणि किल्ली कुणाच्या हातात आहे ते डोळ्यांना दिसतं. इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेतृत्व यांच्यातल्या १९९७ च्या करारात शहराचा सुमारे पाचवा हिस्सा इस्रायली लष्कराकडे राहिला. त्यात काहीशे ज्यू राहतात आणि तीस हजारांवर पॅलेस्टिनी. त्या काहीशेंसाठी बाकीच्यांनी कुठून चालायचं आणि कुठून नाही हे लष्कर ठरवतं. अजानसुद्धा कित्येकदा होऊ देत नाहीत. सातव्या पायरीचा अन्याय खरा होता, म्हणून तर फिरतं लोखंडी दार मला जास्त खुपतं. ज्यांनी सातशे वर्षं दाराबाहेर काढली त्यांना दाराबाहेर उभं राहणं काय असतं ते कुणी शिकवायला नको होतं.

लिफ्टचं प्रकरण आठवतं. चाकाच्या खुर्चीवरच्या भाविकांना वर जाता यावं म्हणून ज्यूंच्या बाजूला लिफ्ट करायचं इस्रायलने ठरवलं, २०२१ मध्ये काम सुरू झालं. पॅलेस्टिनींनी विरोध केला. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही वाटलं, म्हाताऱ्या माणसाच्या लिफ्टला कसला विरोध? मग नीट वाचलं. १९९७ च्या त्या करारानुसार तिथल्या बांधकामाची परवानगी हेब्रॉनच्या पालिकेने द्यायची. तो अधिकार बाजूला सारून, जागा ताब्यात घेऊन काम झालं. ते विरोध करत होते तो त्यासाठी. अब्राहामांना फुकट मिळणारी जागासुद्धा विचारून घ्यावीशी वाटली होती.

मशिदीजवळ एक अन्नछत्र आहे, तकिया म्हणतात. इब्राहिम पाहुण्याला जेवू घातल्याशिवाय जेवत नसत, म्हणून त्यांच्या नावाने. फारसी प्रवासी नासिर खुस्रो १०४७ मध्ये तिथे गेला होता. येणाऱ्या प्रत्येकाला भाकरी आणि ऑलिव्ह तेलातली मसूर मिळते, असं त्याने लिहून ठेवलंय. आजही मोठ्या पातेल्यांत रांधतात. गावात कुणी उपाशी झोपत नाही असं तिथले लोक छातीवर हात ठेवून सांगतात. मला भरडलेल्या गव्हाची गरम पेज दिली वाडगाभर. पहिल्या घासालाच मलिद्याच्या ताटाची आठवण आली, का ते सांगता येत नाही. चव तर अगदी वेगळी होती.

ग्रुपमधल्या मित्रांना माझं एवढंच म्हणणं आहे की इथल्या मुसलमान शेजाऱ्यावरचा राग तिथल्या मढ्यांवर काढू नका. तुम्हाला ज्यूंचं प्रेम नाही, नाहीतर इस्राएल आळीतली घरं रिकामी होत गेली तेव्हा एकदा तरी चौकशी केली असतीत. आणि तुम्हाला, दुसऱ्या बाजूच्यांना, पॅलेस्टिनींचं दुःख खरोखर कळत असेल तर ६७ जणांच्या कत्तलीला ‘प्रतिक्रिया’ म्हणू नका. आपल्या घरातल्या माणसाबद्दल असं बोललेलं चाललं असतं का?

संध्याकाळी बसमध्ये मैत्रीण बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “त्या बाजूला काय आहे गं?” मी मोबाईल दिला. मशिदीच्या बाजूच्या जाळीतून काढलेला फोटो होता. हिरव्या कापडाचा तोच चौथरा, आणि त्याच्या पलीकडे समोरच्या भिंतीत दुसरी जाळी, तिच्यामागे कुणीतरी उभं असल्याची पुसट सावली. तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला. अजून मोठा केला.

“ही आमची खिडकी,” ती म्हणाली. “मी इथेच उभी होते.”