हॉल गुण्यात नाही

फरशी बसवायला आलेल्या मिस्त्रींनी दोरी ताणली, एक डोळा मिटला आणि निकाल दिला, "साहेब, हॉल गुण्यात नाही." म्हणजे कोपरे काटकोनात नाहीत. आवाज असा, की मी आधी पाणी प्यायलो.

मग टेप घेऊन चारी भिंती स्वतः मोजल्या. १२ फूट, १०, १२, १०. नकाशात होतं तेच! "आयतच आहे की हो!" मिस्त्रींनी न बोलता टेप कोपऱ्यातून कोपऱ्यात धरली. एक कर्ण १५ फूट ९ इंच, दुसरा १५ फूट ६.

"संमुख भुजा समान, कर्ण असमान," आठवीतली कन्या म्हणाली. "म्हणजे नुसता समांतरभुज चौकोन."

नुसता! हप्ते मात्र काटकोनात चाललेत.

भास्कराचार्यांनी ११५० सालीच 'लीलावती'त बजावून ठेवलंय: चौकोनाच्या चार बाजू सांगून, कर्ण किंवा लंब न देता निश्चित क्षेत्रफळ विचारणारा पिशाच, आणि ते सांगणारा त्याहून मोठा पिशाच. बिल्डरने चार बाजू दाखवून चौरस फुटाचा दर लावला, मी तो मोजला. आमच्यातलं थोरलं पिशाच कोण, हे घरात विचारायची सोय नाही.

बिल्डरच्या इंजिनिअरला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "सर, प्रत्येक आयत हा समांतरभुज चौकोनच असतो." कन्या मागून ओरडली, "उलट खरं नसतं म्हणावं!" तिकडे रेंज गेली.

आईला हा सगळाच प्रकार अमान्य. "चौरस तो चौरस, आयत तो आयत. एकाला दुसरा कसा म्हणता?" युक्लिडही आईच्याच पक्षाचा, त्याच्या व्याख्येत आयताच्या चारी बाजू सारख्या चालतच नाहीत. हल्लीची पुस्तकं उदार. चौरसाला आयत, समभुज, समांतरभुज अशा तिन्ही घरी पाहुणचार. समलंबाच्या दारात मात्र मज्जाव, कारण तिथे समांतर बाजूंची एकच जोडी हवी. हा भेदभाव का, हे कन्येने मला विचारलं. मी तिला मिस्त्रींकडे पाठवलं.

त्यांना वेगळीच चिंता होती. एक अंशाचा फरक, पण १० फुटांच्या भिंतीला शून्यापासून दोन इंचांपर्यंत रुंदावत जाणारी पट्टी कापावी लागणार. कटिंगचे पैसे वेगळे. "हे त्रिकोण कुठल्या बाजूला लपवू?"

"सोफ्यामागे," सौ. म्हणाली.

सोफा कोपऱ्यात सरकवला. तो नेमका काटकोनी निघाला.