विषाणू चार दिवस घशात थांबत नाही

निफाडचा पारा उतरला की नाशिकच्या ग्रुपांवर तोच मेसेज पुन्हा फिरू लागतो: ‘विषाणू चार दिवस घशातच असतो. गरम पाणी, गुळण्या, वाफ चालू ठेवा, तो मरतो. कफ हिरवा झाला की अँटिबायोटिक घ्या. काढ्याने प्रतिकारशक्ती वाढवा, जितकी जास्त तितकी चांगली.’

आधी चार दिवसांचं बघू. फ्लूचा विषाणू श्वासमार्गाच्या पेशीत शिरला की साधारण सहा-आठ तासांत त्याच्या नव्या प्रती बाहेर पडायला लागतात. अगदी बारीक कणांवरून आलेला तर थेट फुप्फुसात पोचू शकतो. पेशीच्या आतल्या विषाणूपर्यंत गुळणीचं पाणी जात नाही. तो मरेल इतकी गरम वाफ घेतली तर आधी आपणच भाजू. गुळण्यांनी घशाला आराम पडतो, त्यासाठी खुशाल करा. पण लहान मुलांना उकळत्या पातेल्यावर वाकवू नका, कळकळीची विनंती आहे.

खरा सामना विषाणू शिरलेल्या पेशीतच सुरू होतो. विषाणूचा आरएनए (त्याचा जनुकीय मजकूर) ओळखून ती इंटरफेरॉन नावाचं इशारा देणारं प्रथिन सोडते, आणि शेजारच्या पेशी विषाणूची वाढ रोखायच्या तयारीला लागतात. आयझॅक्स आणि लिंडेनमन या शास्त्रज्ञांनी १९५७ साली फ्लूच्याच विषाणूवर काम करताना इंटरफेरॉन शोधलं. पाठोपाठ न्यूट्रोफिल आणि ‘नॅचरल किलर’ या पांढऱ्या रक्तपेशी येतात. नेमक्या त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी पेशी (याही पांढऱ्या रक्तपेशीच) लसीका ग्रंथींत वाढून यायला मात्र पहिल्या खेपेला आठवडाभर लागतो. म्हणूनच बरं वाटायला तेवढे दिवस जातात, आणि श्रेय वाफेला मिळतं.

आता हिरवा कफ. रुमालावर दिसणारा तो रंग बराचसा न्यूट्रोफिलमधल्या मायलोपेरॉक्सिडेज या विकराचा (एन्झाइमचा) असतो. हे विकरच हिरवं आहे. साध्या विषाणूजन्य सर्दीतही असा शेंबूड येतो, आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. निव्वळ रंग बघून मेडिकलमधून गोळ्या आणू नका.

‘जितकी जास्त तितकी चांगली’ हे तर साफ चूक. २०२० मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ या औषध-चाचणीत डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने ऑक्सिजनवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू कमी झाले, आणि हे औषध प्रतिकारशक्तीचा भडका शमवणारं आहे. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना त्याचा फायदा दिसला नाही. म्हणून दम लागला, छातीत दुखलं किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर काढा उकळत बसू नका, डॉक्टरांकडे जा.